वाघजाईचा उजवा हात

भोर, ता. २ मार्च १९३७, मंगळवार

तसबिरींचं दुकान उघडून कातर हातात घेतो न घेतो तोच बोरखिंडीच्या वाडीहून दोघे आले. रायबा पाटील आणि गेनबा गुरव. बोरखिंड विंझरच्या वर, डोंगराच्या कुशीत आहे. मी मूळचा विंझरचा, त्यामुळे तोंडओळख होतीच.

गेल्या श्रावणात तिथं दरड कोसळली. वाघजाईचं देऊळ, शेजारची दोन घरं आणि पाच माणसं गाडली गेली. गेनबाची सून तिसऱ्या दिवशी सापडली, ती जोडव्यांवरून ओळखावी लागली. हे त्यानं सांगितलं तेव्हा त्याचा आवाज हलला नाही, मीच फिरून कपाटाकडे पाहिलं. वाघजाई म्हणजे शेंदूर फासलेला बिनचेहऱ्याचा गोटा. त्याचे दोन तुकडे झाले. भंगलेली देवी पुजता येत नाही म्हणून तिला डोहात सोडली. नव्या शिळेला दोन वर्षं मुहूर्त नाही आणि चैत्री पुनवेला जत्रा आहे. देऊळ पुन्हा उभं केलंय, आत काही नाही.

त्यांना तसबीर हवी. बाजारात लक्ष्मी मिळते, सरस्वती मिळते, रामपंचायतन मिळतं. वाघजाई कुठल्या छापखान्यानं काढलेली नाही, कारण तिचं तोंड कुणी पाहिलेलंच नाही. मी म्हटलं, मी करून देतो.

मी रंगाला हात लावत नाही. छापलेली चित्रं कापायची, तुकडे जोडायचे आणि त्यातून आधी कुठंच नसलेलं एक चित्र उभं करायचं, हे माझं काम. मी त्याला जोडकाम म्हणतो. शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचन मी दुकानच्या रद्दीवर केलं आणि हे काम तर कुणी शिकवलेलंच नाही, कारण शिकवणारा नव्हताच.

गेनबानं विचारलं, देवाला कातर कशी लावता? मी म्हटलं, दगडाला छिन्नी लावतात तशी. पाटील हसले आणि काम ठरलं.

भोर, ता. ११ मार्च, गुरुवार

आज सकाळपासून चौदा लक्ष्म्या कापल्या. एकीचाच चेहरा घेतला तर लोक म्हणतील ही लक्ष्मीच. म्हणून कपाळ एका लक्ष्मीचं, डोळे महिषासुर मारणाऱ्या दुर्गेचे, हनुवटी कापडाच्या ताग्यावरच्या तिकिटातल्या गवळणीची. नाक कुणाचंच जमेना. नऊ नाकं फुकट गेली. वाघ सर्कशीच्या जाहिरातीतून काढला. लुगडं मात्र खरं, चंद्राच्या जुन्या खणाचं, काठाला जर.

चंद्रा, माझी बायको, जमिनीवर पडलेली डोकी आणि धडं केराबरोबर झाडायला तयार नाही. एकेक उचलून ओच्यात गोळा करते आणि नीरेत सोडून येते. आज तिनं दुर्गेचं एक धड उचललं, त्याचे हात मला अजून लागायचे होते. मी तिच्या बोटांवर लोखंडी पट्टी हाणली. नख काळं पडलं. संध्याकाळी वाईट वाटलं. पण न विचारता उचलायचं कशाला?

डिंक संपत आला होता, तो सावळा घेऊन आला. सावळा बोरखिंडीच्या वरच्या माळावरचा धनगर. मेंढरं राखतो आणि धावड्याचा डिंक गोळा करून भोरला विकतो. सहा वर्षं मी त्याच्याकडूनच घेतो. डिंकात काडी सापडत नाही त्याच्या.

कृती इथं लिहून ठेवतो, म्हणजे मागंपुढं कुणी आपली म्हणून मिरवायला नको. पाव शेर धावड्याचा डिंक रात्रभर भिजवून गाळावा. त्यात दोन तोळे गूळ आणि चिमटीभर मोरचूद. मोरचुदानं कसर लागत नाही. गूळ नसेल तर डिंक वाळून काचेसारखा तडकतो आणि कागद सुटतो. गुळानं तो लवचीक राहतो. हे मी तीन वर्षं चित्रं खराब करून शोधलंय.

भोर, ता. ८ एप्रिल, गुरुवार

वाघजाई झाली. दोन हात उंच, दीड हात रुंद. एकशे एकोणसाठ तुकडे. जोड कुठं आहे ते बोट फिरवल्याशिवाय कळत नाही.

शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर बघायला आले होते. बराच वेळ जवळून पाहिलं, मग म्हणाले, "रखमाजी, गोधडी छान शिवली आहेस." मी त्यांना खांद्याला धरून पायरीखाली ढकललं. त्यांचा चष्मा पडला. तो मी उचलून दिला, फुटला नव्हता.

चंद्रानं लांबूनच हात जोडले. कशी झाली म्हणून विचारलं तर म्हणाली, भीती वाटते. म्हणजे चांगली झाली.

मार्गासनी, ता. २२ एप्रिल, गुरुवार

बैलगाडीनं इथवर आलो, बहिणीकडं उतरलोय. पुढची वाट गाडीची नाही म्हणून सावळाला बोलावून घेतलं होतं. उद्या तो तसबीर डोक्यावरून नेईल. तसबिरीला काच नाही. गेनबानं आधीच सांगितलेलं, कौल लावायचा असतो, देवीला हात लागला पाहिजे. कौल म्हणजे देवीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मला काच नसण्याचं दुःख नव्हतं. काचेमागं माझ्या जोडांवरून बोट कुणी फिरवलं असतं?

सावळानं आज तसबीर पहिल्यांदा पाहिली. अंगणात खाटेला टेकून ठेवली होती. उकिडवा बसून त्यानं पुष्कळ वेळ पाहिलं. मी विचारलं नव्हतं, तरी बोलला.

"तात्या, ह्यो वाघ जेवल्याला हाय. म्या वाघ बगितलाय, माझ्या म्होरं म्हस धरली त्यानं. देवीचा वाघ उपाशी पायजे."

मग तो म्हणाला, "आन् ह्यो उजवा हात. ह्यानं कदी शेण उचललं न्हाई. ह्यो आमच्या आईचा हात न्हवं."

उजवा हात मी चहाच्या जाहिरातीतून घेतला होता. किटली धरलेला होता, किटली कापून आशीर्वादाचा केला. बोटं गोरी, निमुळती. बहीण पदर तोंडावर घेऊन हसली. माझ्या हातात गाडीवानाची काठी होती, ती मी सावळाच्या पाठीत घातली. एकदाच. तो उठून बाजूला झाला, पाठ चोळत म्हणाला, "मारा की. हात त्योच ऱ्हाणार."

बहीण म्हणते, मेंढराच्या माणसाचं काय मनावर घ्यायचं. मी मनावर घेतलेलं नाही.

बोरखिंड, ता. २५ एप्रिल, रविवार. जत्रा

हात बदलला. सावळा म्हणाला म्हणून नव्हे, मलाच तो रंगाला फिका वाटत होता.

विंझरच्या दुकानात बियाण्याची जाहिरात टांगलेली होती, जाड पुठ्ठ्याची. तिच्यातली बाई ज्वारीचं कणीस धरून उभी आहे. हात रापलेला, मनगट रुंद. तो मागून घेतला. आज सकाळी देवळातच बसून काम केलं, बाहेर ढोल वाजायला लागले होते. पुठ्ठा पाठीमागून सोलून पातळ करायला हवा, अर्धाच सोलून झाला. डिंक भिजवलेला होता. गुळाचा खडा काढून ठेवला तर भिंतीतून मुंग्यांची रांग निघाली आणि थेट देवीच्या अंगावर चढू लागली. पाटील दोनदा येऊन गेले. मी मनाशी म्हटलं, एक वेळ गुळाशिवाय. एवढ्याशा तुकड्याला काय होतंय!

हात बसला आणि चित्र जागं झालं. बायका आत आल्या आणि पुढच्या थबकल्या, मागच्या त्यांच्यावर आदळल्या. आक्काबाई म्हणून एक म्हातारी आहे, दरडीत तिचे दोन मुलगे गेले. ती वाकली नाही. तसबिरीपुढं उभी राहून तिनं देवीला शिव्या दिल्या, तोंडाला फेस येईपर्यंत, मग खाली बसून रडली. वीस वर्षांत माझ्या कुठल्याही कामाला कुणी शिवी दिली नव्हती. छापील लक्ष्मीला कोण शिव्या देतं?

बोकड कापले. रक्ताचा टिळा गेनबानं देवीला लावला तो नेमका कपाळाच्या जोडावर. मी त्याला सांगितलं, कागद भिजतो, फुलानं लाव. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि बोट पुन्हा रक्तात बुडवलं.

आसपासच्या चार गावांनी तसबिरी सांगितल्या आहेत. गेनबाकडंच आठवडाभर राहतोय, मापं घेऊन जाईन.

बोरखिंड, ता. १ मे, शनिवार

दुपारी पाटलांचा गोठा जळाला.

डोंगरावर चार दिवस वणवा आहे. धनगर दरवर्षी जुनं गवत पेटवतात, पावसाबरोबर कोवळं यावं म्हणून. आज वारा फिरला आणि आग खाली उतरली. गवताची गंजी पेटली, तिच्यावरून गोठा. दावी सोडायला गडी आत गेला आणि केस पेटवून बाहेर आला. दोन बैल आतच राहिले. बैल ओरडतो असं मी कधी ऐकलं नव्हतं. छप्पर बसलं तरी त्यांतला एक ओरडत होता. शेवटी पाटलांच्या भावानं, चिमाजीनं, ओली घोंगडी पांघरून आत जाऊन कुऱ्हाडीनं त्याचा जीव घेतला. बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवया नव्हत्या.

सावळानं पेटवलं असं बोललं जातंय. आग जिथून उतरली त्या कड्याखालचं रान त्याचं आहे. तो म्हणतो, मी पेटवलं ते पुनवेआधी, आणि विझवून आलो. हे खरं असेल. मी त्याला मार्गासनीला बोलावलं होतं, तो येण्याआधीच रान जाळून झाल्याचं त्यानं मला वाटेत सांगितलं होतं. पण मला कुणी विचारलं नाही.

पाटील म्हणाले, मंगळवारी कौल लावू. देवी सांगेल.

मार्गासनी, ता. ५ मे, बुधवार

काल काय झालं ते क्रमानं लिहितो. नाहीतर नंतर मागचं पुढं होईल.

दुपार. देवळात माणूस मावत नव्हता. पत्र्याचं छप्पर तापलेलं, नऊ दिवस ऊन नुसतं कोसळतंय. सावळाला दोघांनी दंडाला धरून आणलं. बायको बयाबाई मागं, कडेवर लहान मूल. माझी जागा तसबिरीजवळ, डाव्या बाजूला, कारण कागद भिजेल म्हणून पाकळ्या मी बेताच्या ओल्या करून देणार होतो.

जवळ गेलो तेव्हा दिसलं. उजव्या हाताचं मनगट सुटलं होतं. नखभर. पुठ्ठा उलट्या बाजूला वळायला लागला होता आणि खाली डिंकाची तडकलेली रेघ चकाकत होती.

मला वाटलं, कौल झाला की चिकटवू.

गेनबानं एक पाकळी डाव्या खांद्यावर लावली, दुसरी नेमकी त्या हातावर. विचारलं, आई, आग सावळानं लावली असंल तर उजवी दे. बाहेर शेरडू ओरडत होतं तेवढंच. सावळा देवीकडं पाहत नव्हता. तो हाताकडं पाहत होता, मग माझ्याकडं. डिंकातलं त्याला माझ्याइतकंच कळतं. तो म्हणाला, "तात्या, तुमी सांगा की ह्यास्नी."

काय सांगू, असं मी विचारलं नाही. सगळे माझ्याकडं वळले. ज्यांनी तसबिरी सांगितल्या होत्या ते चारही गावचे पाटील तिथं होते. मी पाकळ्यांच्या वाटीत पाहत राहिलो.

आणि हात पडला. नुसती पाकळी नव्हे, पाकळीसकट हात. पुठ्ठा जमिनीवर वाजला, एवढासा आवाज. मग असा गलका उठला की मी भिंतीला चिकटलो. देवीनं हात टाकला. ज्या हातानं आग लावली तो हात मागितला.

चिमाजीनं त्याला उंबऱ्यावर पाडलं. दोघे पाठीवर बसले, एकानं उजवा हात ओढून पायरीवर धरला. नारळ फोडायचा दगड चिमाजीनं उचलला. तीन वेळा मारला. पहिल्याला सावळा ओरडला, दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला हात हातासारखा राहिला नव्हता. बयाबाई चिमाजीच्या पायाला चावली, तिला केसांनी ओढून बाहेर टाकली. मूल कुणीतरी आधीच घेतलं होतं.

मी उभा होतो. वाटीतलं पाणी सांडलं नव्हतं.

नंतर पाटलांनी तो पुठ्ठ्याचा हात उचलून रुमालात ठेवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "रखमाजी, तुझ्या हातनं आईनं कौल वदवून घेतला."

संध्याकाळी मी निघालो. सावळाला धनगरांनी घोंगडीत घालून भोरच्या दवाखान्याकडं नेलं. त्यांचीही वाट हीच. मी ओढ्याजवळ थांबून त्यांना पुढं जाऊ दिलं.

भोर, ता. ११ मे, मंगळवार

प्रयोग केला. तसाच पुठ्ठा, अर्धा सोललेला, तोच डिंक, गूळ नाही. पत्र्याखाली टांगला. शेजारी दुसरा, गूळ घातलेला. पहिला पाचव्या दिवशी, म्हणजे आज तिसऱ्या प्रहरी, सुटून पडला. दुसरा बोटानं ओढला तरी निघाला नाही, कागद फाटला पण जोड सुटला नाही.

म्हणजे माझी कृती बरोबर आहे.

हे वरचं वाक्य लिहून मी अर्धा तास बसलो होतो.

सावळा इथंच आहे, दुकानापासून तीनशे पावलांवर, दवाखान्यात. हात मनगटावरून कापलाय म्हणतात. रोज जाईन म्हणतो आणि माप घेऊन गिऱ्हाईक येतं. आठ तसबिरींचं काम आलंय. एकानं तर विचारलं, हात पडणारी करता का?

चंद्रानं ताटात भाकरी वाढता वाढता विचारलं, "गूळ घातला हुता का?" ती कागदाला हात लावत नाही, पण वीस वर्षं तो डिंक तीच गाळते. मी म्हटलं, जेवू दे.

भोर, ता. १६ मे, रविवार

सावळा सकाळी गेला. धनुर्वात. कंपाउंडर सांगत होता, शेवटी अंग कमानीसारखं वाकलं होतं, टाचा आणि डोकं तेवढं खाटेला टेकलेलं. जबडा बसला होता, पाणीही जात नव्हतं.

दुपारी बयाबाई दुकानात आली. बाहेर तिचा दीर उभा. मला वाटलं ती ओरडेल, दगड मारेल. तिनं भिंतीवरची सगळी चित्रं पाहिली, एकेक करून. मग म्हणाली, "त्यांनी मला सांगितलंय. डिंक सुटला हुता. तात्यास्नी दिसला हुता."

मी म्हटलं, दिसला होता.

"मग तवा बोलला का न्हाई?"

माझ्यापाशी उत्तर होतं, पण मी कातर उचलून खुंटीला लावली. तिनं वाट पाहिली. उभ्या उभ्या, न रडता. मग गेली.

भोर, ता. १९ मे, बुधवार

गेनबा गुरव आला होता, देवीला नवा हात लावून हवा म्हणून. त्याला खाली बसवलं, दोन्ही पुठ्ठे पुढं ठेवले, गुळाचं सांगितलं, मुंग्यांचं सांगितलं, अर्ध्या सोललेल्या पुठ्ठ्याचं सांगितलं. सगळं. वाटलं, तो उठून माझं तोंड फोडेल. मला तसं हवंही होतं.

त्यानं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "तुमी कदी गूळ इसरला हुता का ह्याआदी?"

नाही.

"मग त्या दिवशी कुणी इसराया लावला?"

मी म्हटलं, विसरलो नाही, मी मुद्दाम टाळला. मुंग्या होत्या.

"मुंग्या कुणी धाडल्या, तात्या?"

तो माझी समजूत काढत होता. मायेनं. त्याची सून दरडीखाली गेली, देवीनं नेली असं म्हणून तो उभा आहे. त्याच्या हातातून ती आधाराची काठी मी काढून घेऊ पाहत होतो. शेवटी त्याचा चेहरा बदलला. तो म्हणाला, हे बाहेर बोलू नका, देवीवर बालंट येईल, वाडी ऐकून घेणार नाही. मी म्हटलं, कचेरीत बोलणार आहे. तो जोडे घालताना दोनदा अडखळला.

भोर, ता. २२ मे, शनिवार

काल बाजाराच्या गर्दीत सहाजण आले, चिमाजी पुढं. भुवया अजून उगवलेल्या नाहीत. आधी काचा फोडल्या, मग चौकटी. मी आडवा गेलो तेव्हा काठी खांद्यावर बसली, दुसरी बरगडीत. पडल्यावर लाथा. चंद्रा मधे आली, तिला ढकललं, ती कपाटाच्या कोपऱ्यावर आपटली आणि तिच्या कानामागून रक्त आलं. तरी ती उठली आणि माझ्या डोक्यावर ओणवी झाली. तिच्याच पाठीवर चार बसल्या. समोरचे दुकानदार फळ्या लावत होते. मला त्यांचा राग आला नाही. राग यायला मी कोण?

चिमाजी वाकून म्हणाला, कचेरीत तोंड उघडलंस तर तुजाबी हात पायरीवर घेऊ.

आज श्वास घेताना कळ येते. दोन बरगड्या गेल्या. चंद्राच्या कानामागं तीन टाके. ती म्हणते, जाणार असाल तर मी धरून नेते.

भोर, ता. २४ मे, सोमवार

कचेरीत गेलो. चंद्राच्या खांद्यावर हात टाकून, तीन ठिकाणी बसत.

वाडीचा जबाब आधीच झाला होता. सावळा कड्यावरून पडला, हात दगडाखाली आला, असं पस्तीस अंगठे लावून दिलंय. बयाबाईचं म्हणणं कुणी धरत नाही, बायको म्हणून. बाहेरचा साक्षीदार मी एकटाच. फौजदार घाम पुसत होते, त्यांना हे प्रकरण लवकर मिटायला हवं होतं. बयाबाई व्हरांड्यात मुलाला घेऊन खांबापाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही.

मी सांगत गेलो, कारकून लिहीत गेला. कोणी दंड धरले, कोण पाठीवर बसलं, दगड कुणी उचलला, किती वेळा मारला. नावं सगळी. कारकुनाला गुळाचं काय काम ते कळेना. मी दोन्ही पुठ्ठे टेबलावर ठेवून समजावलं आणि मापं लिहवून घेतली. सावळा काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहवलं. कारकून ते शुद्ध करून लिहीत होता, मी तसं करू दिलं नाही.

फौजदारांनी विचारलं, त्या वेळी तुम्ही काय केलंत?

उभा राहिलो, म्हटलं. कारकून म्हणाला, हे नको, तुमच्यावरच येईल. मी म्हटलं, लिहा.

शेवटी त्यानं जबाब वाचून दाखवला. चांगला माणूस असावा. "सुटलेला जोड मला दिसला होता, परंतु जमावाच्या भीतीमुळे मी बोललो नाही," असं त्यानं आपणहून लिहिलं होतं. मी थांबवलं.

म्हटलं, भीती खोडा. जमाव तेव्हा माझ्यावर खूश होता.

त्यानं टाक वर धरला. "मग का बोलला नाहीत? काहीतरी कारण लिहावं लागेल."

व्हरांड्यात बयाबाईनं मूल या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. दार उघडं होतं, ऐकू जात असावं. मी आवाज उतरवला नाही.

"लिहा. काम कच्चं झालं म्हणतील म्हणून."

कारकुनानं फौजदारांकडं पाहिलं, फौजदारांनी खिडकीबाहेर. मग टाकाचा आवाज आला. मी खुर्ची ओढून जवळ सरकलो आणि त्यानं लिहिलेला प्रत्येक शब्द वाचून पाहिला. बरोबर होता. मग सही केली.